सोनाआत्याच्या चित्राला हार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाकी सगळं तिला माहीत आहे — पगार, दुखणी, धाकट्या भावाशी झालेलं भांडण, कुणाला काय बोललो आणि मग रात्रभर कसा तळमळलो ते. हे तेवढं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असा अंदाज होता. तो चुकला.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी बारामतीत एका कचेरीत हिशेब पाहतो. चोख माणूस अशी माझी ओळख आहे. बैठकीत कुणी 'साधारण' म्हणालं की मी 'साधारण म्हणजे किती?' असं विचारतो. लोक माघारी हसतात, ठाऊक आहे मला. पण वाद पेटला की तेच लोक म्हणतात, "अण्णांना विचारा, अण्णा खोटं सांगायचे नाहीत." या वाक्याचा मला अभिमान होता. तुम्हाला म्हणून सांगतो — फार होता.

नव्वद सालानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आम्ही काही मंडळींनी एक छोटं कलामंडळ काढलं होतं. मला स्वतःला पट्टीशिवाय सरळ रेघ ओढता येत नाही, पण चित्रं पाहायला आवडतात. अध्यक्ष होते निवृत्त झालेले एक ड्रॉइंगचे गुरुजी. त्यांचं एकच दुःख होतं. म्हणायचे, "आपल्याकडं हात असलेली माणसं आहेत हो, पण दाखवणार कुठं? पुण्यातल्या चित्रकाराला भिंत मिळते. आपल्याकडच्याला मिळतो तो ट्रकचा मागचा फाळका." खरंच होतं ते. बारामती, इंदापूर, आजूबाजूची गावं — रंगाचा डबा घेऊन हिंडणारा प्रत्येक जण दुकानांच्या पाट्या रंगवायचा, गणपतीत मागचे पडदे करायचा, दुधाच्या कॅनवर नंबर टाकायचा. त्याचं चित्र चित्र म्हणून कुणी पाहिलेलं नसायचं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेचा हॉल मागून आम्ही प्रदर्शन भरवायचं ठरवलं. गुरुजींच्या ओळखीनं पुण्यात छोटी गॅलरी चालवणारे एक गृहस्थ यायला तयार झाले. आमच्या प्रदर्शनातून तीन जणांची चित्रं ते पुण्याला लावणार होते. आमच्या भागातल्या माणसासाठी ही केवढी गोष्ट होती, ते तुम्हाला कसं सांगू? व्यवस्था सगळी माझ्याकडं. खुर्च्यांपासून खिळ्यांपर्यंत.

आता यशवंत. इंदापूरला एसटी स्टँडच्या अलीकडं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांचे नंबर, पाट्या हे तर होतंच, पण त्याचा खरा धंदा वेगळा. कुणाच्या घरात माणूस गेलं की ते लोक त्याचा एखादा विटका, टिकलीएवढा फोटो घेऊन यशवंतकडं यायचे — रेशनकार्डावरचा, नाहीतर लग्नातल्या घोळक्यातला. त्यावरून तो भिंतीवर लावायचं मोठं चित्र करून द्यायचा. जन्मभर कोपरीत वावरलेल्या म्हाताऱ्याला तो कोट चढवायचा, कारण पोरांची तशी इच्छा असायची. चेहरा मात्र असा उतरायचा की घरची माणसं दुकानातच रडायला लागायची. आमच्याकडं भिंतीवर एकट्या माणसाचं चित्र म्हणजे ते माणूस गेलेलं. चित्र आलं की हार आला. हे शिकवावं लागत नाही कुणाला.

प्रदर्शनासाठी यशवंतनं पहिल्यांदाच एका जित्या माणसाचं चित्र काढलं. त्याच्या सोनाआत्याचं. आई लहानपणी गेली, तेव्हा या आत्यानं त्याला लोणी भापकरला नेऊन वाढवलं होतं. तिच्या घरी एके काळी मेंढरं होती, नंतर शेती आली. ती बसायला तयार नव्हती. "मेल्याबिगर भितीवर जात्यात व्हय रं?" असं तिचं म्हणणं. यशवंतनं तिला वचन दिलं होतं, "आत्या, हे बघायचं चित्र हाय, पुजायचं न्हाय. ह्याला हार लागायचा न्हाय, माझी जबान." हे त्यानं मलाच सांगितलं, हसत हसत, चित्र घेऊन आला त्या दिवशी. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

चित्र कसं होतं? मला वर्णन जमत नाही. डोईवर पदर, कपाळावर गोंदण, आणि डोळे किंचित बारीक केलेले, लांबून कुणी येतंय का ते पाहत असल्यासारखे. चांगल्या रुंद लाकडी चौकटीत, काच लावून. प्लायवूडवर रंगवलेलं. सगळ्या हॉलमध्ये तेवढंच एक असं होतं की त्याच्यापुढं उभं राहिल्यावर आपणच आधी नजर काढून घ्यावी.

त्याची जागा कोपऱ्यात आली होती. सकाळी सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "अण्णा, जरा उजेडाकडं जागा द्या की. म्हातारी स्वतः बघायला येणार हाय." मी म्हणालो, जागा ठरल्यात, बदलता येणार नाही. नियम म्हणजे नियम. तो बरं म्हणाला आणि आत्याला आणायला स्टँडवर गेला. त्याआधीच गॅलरीवाले गृहस्थ हॉलमधून फिरून गेले होते. त्या चित्रापाशी ते बराच वेळ थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा चेहरा पुण्याला न्यायचाच. एवढ्यात बोलू नका." हेही मला माहीत होतं, बघा. यशवंतच्या आधी.

इथवर माझं काहीच चुकलं नव्हतं.

आमच्याकडं कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही. टेबल, त्यावर पांढरी चादर, समई, प्रतिमा, आणि तबकात हार. मंडळाची सरस्वतीची तसबीर होती, तिची काच तडकली म्हणून मी ती फ्रेमवाल्याकडं टाकली होती. आदल्या संध्याकाळी आणायची होती. मी विसरलो. खिळे मोजून आणणारा मी — तसबीर विसरलो. सकाळी माणूस पाठवला तर दुकानाला कुलूप, फ्रेमवाला दिवाळीचा गावाला गेलेला. आणि तेवढ्यात गेटवर गाडी वाजली. उद्घाटक वेळेच्या आधी आले होते. सगळी मंडळी स्वागताला बाहेर धावली. हॉलमध्ये मी एकटा आणि ते मोकळं टेबल.

काय झालं असतं? काही नाही. गुरुजी म्हणाले असते, "अरे, आज अण्णा विसरले वाटतं," आणि लोक हसले असते. एवढंच. पण ते 'अण्णा विसरले' मला ऐकायचं नव्हतं. मी भिंतीवर नजर फिरवली. काचेच्या चौकटीत, योग्य मापाचं, पदर घेतलेल्या बाईचं एकच चित्र होतं. मी ते उतरवलं आणि समईमागं ठेवलं. लांबून ते कुठल्या देवीसारखं, निदान कुठल्या थोर बाईसारखं दिसत होतं. हाराचं तबक मी बाजूच्या खुर्चीवर सरकवलं. म्हटलं, नुसता दिवा लावतील. तबक उचलून आत ठेवायला किती वेळ लागला असता? नाही ठेवलं.

पुढं जे झालं ते सवयीनं झालं. कार्यकर्त्यानं सवयीनं तबक उचललं, उद्घाटकांनी सवयीनं हार घेतला आणि चित्राला घातला. दिवसातून तीन-तीन ठिकाणी हेच करणारा माणूस तो, त्याला काय दोष द्यायचा? सगळे सवयीनं उभे राहिले, हात जोडले, माना खाली घातल्या. नेमक्या त्याच वेळी दारातून यशवंत, सोनाआत्या आणि आत्याचा थोरला मुलगा पोपट आत आले. सगळे हात जोडून उभे दिसले तसे आत्यानंही पायातल्या वहाणा काढून हात जोडले. मग मान वर केली.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर मीच की."

मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "आजी, लोक मेल्यावर बी हाराची वाट बघत्यात. तुमचं काम आदीच उरकलं." हॉल हसला. मीही, सांगायला लाज वाटते, ओठ हलवले. आत्या हसली नाही. ती यशवंतकडं पाहत राहिली.

पोपट पुढं आला. "हे हितं कुणी ठिवलं?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. व्यवस्था माझी होती ना. अजून वेळ होता, हे मला तेव्हाही कळत होतं. 'मी ठेवलं, चुकलं माझं' — एवढंच तर म्हणायचं होतं. आत्या चार शिव्या देऊन गप्प बसली असती. परक्या माणसाची चूक ती. परक्याची चूक माणूस हसून सोडून देतं.

मी म्हणालो, "यशवंतनं. मी परत हॉलमध्ये आलो तेव्हा चित्र टेबलावरच होतं."

एका शब्दानं भागलं असतं. पण मला पुरावा जोडायची सवय.

"अण्णा," यशवंत म्हणाला, "मी तर आत्याला आणाया स्टँडवर —"

"त्याच्या आधी," मी म्हणालो.

झालं. कुणाला शंका येणार? सरस्वतीची तसबीर कुठं गेली, हेही त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. सकाळीच त्यानं उजेडाकडची जागा मागितली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती. जागा मिळाली नाही म्हणून गड्यानं चित्र थेट पाहुण्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं — गोष्ट इतकी व्यवस्थित जुळली की क्षणभर माझाही तिच्यावर विश्वास बसला. आणि सांगत कोण होतं? अण्णा. जन्मभर गोळा केलेलं माझं खरेपण मी तिथं त्याच्या डोक्यावर ठेवलं. तो तरी काय करणार? तो आणखी एकदा म्हणाला, "म्या न्हाय ठिवलं." कुणी ऐकलं नाही.

आत्या ओरडली वगैरे नाही. त्याच्याजवळ जाऊन इतकंच म्हणाली, "तू जबान दिली व्हतीस, यशवंता. नाव व्हावं म्हणून मला जित्तेपणीच पोचिवलीस व्हय?" आणि वहाणा हातात घेऊनच बाहेर गेली. पोपट तिच्यामागं गेला. यशवंतनं चित्रावरचा हार काढून टेबलावर ठेवला आणि चित्र काखेत मारून तोही गेला.

गॅलरीवाले गृहस्थ संध्याकाळी निघताना म्हणाले, "एवढं पुढं पुढं करायची काही गरज नव्हती त्याला. असो. चित्र मात्र चांगलं आहे. आठवड्याभरात पाठवून द्या." म्हणजे पुण्याचं दार त्यांनी मिटलं नव्हतं. ते उघडंच होतं, आणि चित्र न्यायची जबाबदारी माझ्यावर होती.

चार-पाच दिवसांनी मी इंदापूरला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज त्याच्यापाशी कबूल करायचं. दुकानाबाहेर एक फळी वाळत टेकवली होती, पांढऱ्याशुभ्र रंगाची. शेजारी रिकामी रुंद चौकट. मी त्या फळीकडं पाहतोय हे पाहून यशवंत म्हणाला, "तीच हाय. आत्या म्हणली, हार पडल्यालं चित्र घरात नको आन् जगात बी नको. ती जित्ती हाय तवर ते ऱ्हाता कामा न्हाय. मंग काय करता? दोन हात मारले."

दोन हात पांढरा रंग. खाली काय होतं ते आता मला आणि त्यालाच माहीत.

त्यानं मला चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलायला लागला. रागानं बोलला असता तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "अण्णा, तुमी गडबडीत व्हता. चुकून माझं नाव तोंडात आलं आसंल. हुतं आसं. कुणी ठिवलं ते मला नका सांगू, मला न्हाय ऐकायचं. फकस्त एकदा लोणी भापकरला जाऊन आत्याला म्हणा, यशवंतानं न्हाय ठिवलं. तुमचं ती ऐकंल. माझं ऐकंना. पोपट दारात उभा करंना."

कळलं ना तुम्हाला? त्याला सगळं कळलं होतं. आणि तरी त्यानं मला वाट काढून दिली. माझं नाव घ्यायचं नाही, कबुली द्यायची नाही, फक्त एक वाक्य म्हणायचं — तेही खरं वाक्य. इतकं स्वस्तात कुणी कुणाला सोडतं?

मी म्हणालो, "बघतो."

चहा प्यायलो आणि बारामतीच्या गाडीत बसलो. लोणी भापकर काही लांब नाही. पहिल्या रविवारी घरी पाहुणे आले. मग कचेरीत वर्षअखेरीचं काम. मग वाटायला लागलं, आता इतक्या दिवसांनी गेलो तर ती विचारणार, "मंग तवा का खोटं बोललास?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. तसबीर विसरली होती म्हणून! एवढ्यासाठी! कारण मोठं असतं तर मी कदाचित गेलो असतो.

पुण्याला मी कळवलं, 'चित्रकाराने चित्र पाठविले नाही.' वाक्य तपासून पाहिलं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. असली वाक्यं मला फार चांगली लिहिता येतात.

पुण्याला दुसऱ्या दोघांची चित्रं गेली, तिसऱ्याची जागा मोकळी गेली. त्या दोघांपैकी एकाला पुढं तिथंच कामं मिळत गेली, आज तो चित्रांवर घर चालवतो. यशवंतनं पुन्हा आमच्या प्रदर्शनात काही दिलं नाही. गुरुजींनी मला एकदा विचारलं, "तो इंदापूरचा काय करतो हो? हात चांगला होता. जरा आगाऊ, पण हात होता." मी म्हणालो, "असतो तिथंच." आगाऊ हा शब्द मी खोडला नाही. एरवी एका चुकीच्या आकड्यासाठी मी बैठक थांबवतो.

पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी माझं वजन आणखी वाढलं होतं. मंडळानं नियम केला, मांडणीला अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही. 'मागच्यासारखं नको.'

तीन एक वर्षांनी सोनाआत्या गेली. म्हातारी होती, म्हातारपणानंच गेली. त्या हाराचा आणि मरणाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण मधल्या सगळ्या काळात तिनं यशवंतला घरात घेतलं नव्हतं. सणाला तो दाराबाहेर फराळाची पिशवी ठेवून जायचा म्हणे. ती पिशवी आत घ्यायची की नाही ते पोपटची बायको ठरवायची. हे मला इंदापूरच्याच एका माणसानं सांगितलं, सहज बोलता बोलता, आणि मी 'असं का?' म्हणालो.

दहाव्याला मी लोणी भापकरला गेलो. जायला हवं होतं तेव्हा गेलो नाही, आणि आता जायची काही गरज नव्हती तर गेलो. का गेलो? खरं सांगू — यशवंत काही बोलतोय का ते पाहायला. एवढंच कारण होतं. शोक वगैरे नव्हता.

विधी आटोपून माणसं घरी आली होती. अंगणात पाहुणे बसले होते, घरातले पुरुष ओसरीवर होते. यशवंत त्यांच्यात नव्हता. तो रस्त्याच्या कडेला गावातल्या परक्या माणसांबरोबर उभा होता. डोक्याचं मुंडण मात्र त्यानं केलं होतं, पोटच्या पोरासारखं. पोपटनं मला पाहिलं आणि लगबगीनं पुढं आला. घरात एकच खुर्ची होती, ती त्यानं माझ्यासाठी बाहेर आणवली. ओसरीवरच्या लोकांना म्हणाला, "हे बारामतीचे अण्णा. त्या टायमाला पंचवीस लोकांत खरं बोलणारा एवढाच गडी निघाला. न्हायतर आमच्या यशवंताच्या पोटातलं कळलं नसतं आमाला." एक म्हातारं माणूस मान डोलावत म्हणालं, "आसं माणूस पायजे गावाला."

यशवंतला ते ऐकू गेलं. रस्ता अंगणाला लागूनच होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी दाखवू शकलो असतो तर मीही चित्रकार झालो असतो. मागणं नव्हतं, एवढं सांगतो. मागून झालं होतं त्याचं.

अजूनही बोलता आलं असतं. आत्या नव्हती, पण पोपट होता, घर होतं, त्याला त्या घरात जायचं होतं. सगळे माझ्याकडंच पाहत होते, मी काही म्हणेन म्हणून.

मी पोपटला म्हणालो, "आत्या मोठ्या मनाच्या होत्या."

आणि खुर्चीवर बसलो.